नाही हो, रंग बघू नका

चतुर आले की मला आधी राग येतो. बाकीचं सगळं नंतर.

पाऊस रेंगाळत रेंगाळत एकदाचा निघतो, दुपारची टाळू तापायला लागते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटतो, आणि मग एका सकाळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर ते दिसतात. पिवळट अंग, मोठे तपकिरी डोळे, डोक्याच्या जरा वर नुसत्या घिरट्या. बसायचं नाव नाही. बिल्डिंगमधली पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो. मोठी माणसं स्कूटर काढता काढता वर बघतात, 'गेला वाटतं पाऊस' म्हणतात आणि किक मारतात. मला अंधेरीची बस पकडायची असते, उशीर झालेला असतो, तरी मी पर्स खांद्याला लावून, मान वर करून तिथे उभी राहते. बघणारा म्हणेल, या बाईला काहीतरी झालंय. झालंयच.

माझा धाकटा भाऊ विजू या दिवसांची वर्षभर वाट बघायचा. 'चतुरांचे दिवस' हे नाव त्यानेच दिलेलं. कॅलेंडरवर ते नसतं, पण आमच्या घरात गणपती, नवरात्र यांच्या जोडीने ते असायचं. आणि तो गेला तोही याच दिवसांत. गेला म्हणजे, इथेच माझी पंचाईत होते. मराठीत 'भाऊ गेला' म्हटलं की समोरचा चुकचुकतो, चेहरा पाडतो, 'कशाने?' विचारतो. म्हणून मी 'घरातून गेला' असं म्हणते. एका सकाळी घरातून गेला, तो आजतागायत आलेला नाही. आहे की नाही, ठाऊक नाही. एवढीच गोष्ट आहे. पुढे मी जे लिहिणार आहे त्यात त्याचा शोध लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. उगाच वाट बघू नका. घरात दोघी बघतोय, त्या पुरे.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग तेही गेले, आणि ते मात्र खरोखरचे गेले, त्यात काही संदिग्ध नाही. आई मुलुंडमध्ये जन्म काढूनही मालवणीच बोलते. मी अंधेरीला एमआयडीसीत एका ऑफिसात बिलं बनवते. विजूही अंधेरीलाच होता, दागिन्यांचे फोटो काढायचा. अंगठ्या, कुड्या, नथी. दुकानवाल्यांना वेबसाइटवर टाकायला लागतात ना, ते. दिवसभर एसीत बसून काळ्या मखमलीवर एक कुडी ठेवायची आणि तिचा एकेक खडा वेगळा दिसेल असा फोटो काढायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक जाडजूड लेन्स होती. नखाएवढी वस्तू त्यातून ताटाएवढी दिसते. सोमवार ते शनिवार ती लेन्स सोन्यावर, रविवारी किड्यांवर.

"सोन्याचे फोटो काढल्यार पैशे तरी गावतत," आई म्हणायची. "ह्या किड्यांचे कोण देतलो तुका?"

"आये, अंगठी हलत नाय. किडो हलता. मजा त्यात आसा."

मग अंगठ्या घडायच्या आधीच त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर तयार व्हायला लागले. हळूहळू नाही, फटाफट. एका सकाळी पोहे खाता खाता विजू शांतपणे म्हणाला, "ताई, आता फोटो काढायला अंगठी लागत नाही. म्हणजे मीही लागत नाही." लिंबू पिळलं, पोहे संपवले, ताटली घासून ठेवली. एवढंच. तो काही रडला-ओरडला नाही. मला वाटतं, रडला असता तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात पुरुषांनी रडायची पद्धत नाही आणि बायकांना वेळ नाही.

योगायोग असा की त्याच सुमारास स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय मुरगळून हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा पाऊस सरत आला होता आणि डॉक्टरांनी रोज हळूहळू चालायला सांगितलं होतं. ऑफिसने सुट्टी दिली होती. म्हणजे घरात एक लंगडी आणि एक बेकार. तेच आमचे चतुरांचे दिवस. मी आयुष्यात तेवढी सुखी कधी झाले नाही, हे आता लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

"तू या कामाला एकदम फिट आहेस," विजू म्हणायचा. "हळू चालतेस. किडे बघायला लंगडा माणूसच पाहिजे."

सकाळी चहा झाला की आम्ही निघायचो. मागचा प्लॉट, मग नाल्याच्या कडेची वाट, मग डोंगराचा पायथा. जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला दुपार व्हायची. टाकळा कंबरेएवढा वाढून वाळायला लागलेला, घाणेरीला फुलं, गवताची कुसळं सलवारीला चिकटायची. मागून टॉवरच्या कामाची धडधड अखंड चालू. विजू एका पानासमोर उकिडवा बसायचा आणि श्वास धरायचा. मला वाटायचं, हा माणूस घरात कधी एवढा स्थिर नसतो. मग बोटाने हळूच खूण करायचा. मी लंगडत जायची, त्याच्या खांद्यावर हात टेकून वाकायची आणि मला काही म्हणता काही दिसायचं नाही. पान. नुसतं पान. मग तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायचा. त्या पानावर हिरवागार, निळी झाक असलेला, वर काळे ठिपके असलेला एक ढालकिडा बसलेला असायचा.

"बघ," तो म्हणायचा. "पॉलिश नाही, लाइट नाही, काही नाही. आणि आम्ही त्या कुड्यांना चार-चार लाइट लावायचो, साला."

घरी येऊन ते फोटो तो एका साइटवर टाकायचा. जगभरचे लोक तिथे फोटो टाकतात आणि एकमेकांच्या किड्यांना नावं सांगतात. तुम्ही म्हणायचं, मला वाटतं हा अमुक. दुसरा येऊन म्हणतो, बरोबर. तिसराही म्हणाला बरोबर, की ते नाव पक्कं होतं, खाली हिरवी पट्टी येते. पटलं नाही तर दुरुस्त करायचं. विजूने तिथे स्वतःचं नाव 'मुलुंडचा मुंगळा' ठेवलं होतं, आणि हा मुंगळा सगळ्यांना चावायचा. दुसऱ्याची चूक दिसली की त्याला अन्न गोड लागायचं नाही. आणि दुरुस्तीची सुरुवात कायम ठरलेली. समोरचा मराठी असो, मल्याळी असो की परदेशी गोरा असो, हा आधी मराठीत लिहिणार 'नाही हो', आणि मग पुढचं इंग्रजीत. लोकांना वाटायचं, ही काहीतरी शास्त्रीय संज्ञा आहे. श्रीलंकेतल्या एका बाईंनी एकदा विचारलंही होतं, हे 'नाही हो' म्हणजे कोणतं कुळ?

मलाही तो तसाच ओरडायचा. आंब्याच्या झाडावर लाल मुंगळ्यांची रांग होती, त्यातल्या एकाचा फोटो मी माझ्या मोबाइलने काढला, झकास आला होता, आणि मोठ्या ऐटीत साइटवर टाकला: लाल मुंगळा. स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाही हो. ताई, पाय मोज." मी मोजले. आठ. मुंगळ्याला सहा असतात. तो कोळी होता. मुंगळ्यांच्या झाडावर मुंगळ्यासारखा दिसून राहतो, पुढचे दोन पाय वर धरून त्यांच्या मिशा करतो, म्हणजे कुणी खात नाही. जन्मभर दुसऱ्याच्या रांगेत. "मला माहितीयेत असे लोक," मी म्हटलं. विजू हसला. "मलाही. मी अंधेरीला रोज जायचो ना."

ओळखायचं कसं, ते त्याने मला त्या दिवसांत शिकवलं. रंग बघायचा नाही. रंगासारखा थापाड्या कोणी नाही. तो उन्हात वेगळा, सावलीत वेगळा, कोवळेपणी वेगळा, मेल्यावर वेगळा. आकार बघायचा नाही, जवळून काढलेल्या फोटोत सगळेच मोठे. बघायचं ते सांधे, शिरा, पाय कुठून फुटतो, पंख बुडाशी किती रुंद. जे मेल्यावरही बदलत नाही ते बघायचं. हे वाक्य त्याचं. मी त्याला काही वजन देत नाही. माणूस दिवसाला शंभर वाक्यं बोलतो, तो नाहीसा झाल्यावर त्यातलं एक उचलून 'बघा, हा इशारा होता' म्हणायचं, ही मागे राहिलेल्यांची नसती उठाठेव आहे. मी पुष्कळ केली. हाताला काही लागत नाही.

नाल्यावर दोन चतुर शेजारी शेजारी दिसायचे. एक ते हेलिकॉप्टर, घिरट्या घालणारं, दमलं तर काडीला लोंबकळणारं. दुसरा जरा लहान, नाल्याच्या कडेच्या गवतावर बसून राहणारा. त्यातला नर नारिंगी असतो, तो कुणीही ओळखेल. मादी मात्र पिवळट, मळकी, पटकन बघितलं तर पहिल्यासारखीच.

"हा वरचा आहे ना," विजू म्हणाला, "हा समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो."

"चल. कायपण फेकू नकोस."

"आईशप्पथ. एवढंसं अंग. वाऱ्यावर बसतो आणि जातो. मी त्याला प्रवासी म्हणतो."

"आणि हा खालचा?"

"हा गटारावरचा. हा आपल्यासारखा. इथेच जन्मला, इथेच मरणार. घाण पाण्याचं याला काही वाटत नाही."

"आणि ते परत कधी येतात?"

"हे नाही येत. यांची पोरं, नातवंडं येतात. गेलेला तो गेलाच."

नाल्याचा वास येत होता, पलीकडे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, मला भूक लागली होती. घरी बांगड्याचं तिखलं होतं. मला तेव्हा त्यातलं तिखलंच महत्त्वाचं वाटलं.

दसरा झाला होता, दिवाळी जवळ आली होती. आई चकलीची भाजणी भाजत होती, घरभर खमंग वास. विजू अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. चप्पल घालता घालता म्हणाला, "येतो गं." आपली भाषाही काय एकेक आहे. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणायचं नाही, अशुभ असतं. लहानपणी कुणी चुकून 'जातो' म्हटलं की आई दारातून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणवून घ्यायची. विजूने नीट 'येतो' म्हटलं. काही चुकवलं नाही.

दुपारी जेवायला आला नाही तेव्हा मी फोन लावला. तो आतल्या खोलीतच वाजला, चार्जिंगला लावलेला. आणि खिळ्याला कॅमेरा लटकत होता, त्या जाड लेन्ससकट. कॅमेरा घेऊन गेला असता तर मी म्हटलं असतं, भटकतोय कुठेतरी डोंगरात, बसला असेल कुठल्यातरी पानासमोर श्वास धरून. ते चतुरांचे दिवस होते आणि माझा भाऊ कॅमेरा घरी ठेवून गेला होता.

लोक मात्र भारी आशावादी. शेजारच्या कांबळेकाकू अकोल्याकडच्या, जीवाला जीव देणाऱ्या, पहिल्या दिवशी गॅसवरचा तवा उतरवून धावत आल्या. म्हणाल्या, "विपश्यनेला गेला असंल पोरी. तिथं फोन ठेवू देत नाहीत. येते बघ दहा-अकरा दिवसांत." मग कुणी म्हणालं, हरिद्वारला बघा. कुणी म्हणालं, आखातात कामाला लागला असणार, आजकाल मुलं न सांगता जातात. आईचा गावचा भाचा म्हणाला, देवाक कौल लावलो, तो जित्तो आसा, दर्याच्या दिशेक. सगळ्यांनी मिळून माझ्या भावाला प्रवासी ठरवून टाकलं. एक म्हणाला, दुसऱ्याने बरोबर म्हटलं, तिसऱ्याने मान डोलावली. नाव पक्कं. आणि मीही त्या सगळ्यांना चहा करून देत होते आणि मान डोलावत होते, कारण दुसरं नाव तोंडाने उच्चारायची कुणाची छाती होती?

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथले एक हवालदार सज्जन होते, अजूनही आहेत. सुरुवातीला वरचेवर, आता क्वचित, त्यांचा फोन येतो. "ताई, जरा येऊन जाता का." मी जाते. ते खुर्ची देतात, पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि मोबाइल माझ्याकडे वळवतात. "बघून घ्या. ओळख पटते का?" कधी रुळांजवळचा असतो, कधी खाडीतला, कधी डोंगरातला. त्या फोटोंबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की तिथे मला विजूचं शिक्षण कामी आलं. रंग बघायचा नाही. पाण्याने रंग बदलतो. अंग फुगतं, आकार बघायचा नाही. मी सरळ डाव्या हाताच्या अंगठ्यावर जाते. विजू लहान असताना त्याचा अंगठा आमच्याच घराच्या दारात चेंगरला होता आणि ते नख कायमचं मधोमध दुभंगलं. मी बोटांनी फोटो मोठा करते, अंगठा शोधते, नख बघते. अख्खं असतं.

"नाही हो," मी म्हणते.

म्हणताना मला सुटल्यासारखं वाटतं. मग बाहेर येऊन रिक्षा शोधेपर्यंत लक्षात येतं की सुटले कशातून? ज्याचं नख अख्खं होतं तो कुणाचातरी होताच. आणि माझं काय, मी पुन्हा होते तिथेच. परत वाट बघायची, परत पुढचा फोन. खरं सांगू? एक-दोनदा मनात आलंय की नख फाटलेलं निघावं. निघावं एकदाचं. असं वाटणाऱ्या बहिणीला काय म्हणतात, त्याला नाव असेल तर कुणीतरी सांगा.

घरी आले की आई काही विचारत नाही. चेहऱ्यावरून समजते. तिने तिच्यापुरतं एकच केलं. विजू गेला त्या दिवसापासून दाराला कडी घालू दिली नाही. लॅचसुद्धा ओढू दिलं नाही. बाहेरची जाळी लोटायची, दार नुसतं टेकवायचं. "तो येतलो नि दार बंद बघून परत जातलो," ती म्हणायची. "तेचो स्वभाव माका म्हायत हा. बेल मारूचो नाय तो." मग काय, डास आत, झुरळं आत, एकदा मांजर येऊन दुधाचं पातेलं चाटून गेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चोऱ्यांच्या गोष्टी ऐकवल्या. आई म्हणाली, "न्हेवंदेत काय न्हेतत ता. होता ता आधीच गेला."

मी माझ्यापुरतं दुसरं केलं.

विजूला दुसऱ्याची चूक बघवत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तापाने फणफणला होता तेव्हासुद्धा उशीला टेकून पुण्याच्या कुणा गृहस्थाला लिहीत होता की नाही हो, ही मधमाशी नाही, माशी आहे, पंख मोजा. म्हणजे तो जगाच्या पाठीवर कुठेही असो, हरिद्वारला असो की आखातात, कुठल्यातरी सायबर कॅफेत, कुणाच्यातरी उसन्या मोबाइलवर तो एकदा तरी ती साइट उघडणार. आणि तिथे मुलुंडचा फोटो आणि खाली धडधडीत चुकीचं नाव दिसलं तर त्याच्याने राहवणार नाही. तर मी गळ टाकला. पुढच्या वर्षी चतुर आले तसा आंब्यावरचा तोच आठ पायांचा कोळी शोधला, फोटो काढला आणि लिहिलं: लाल मुंगळा. जाणूनबुजून. विजूच्या हिशेबात हे पापच. चुकीचं नाव म्हणजे खोटी साक्ष, तो म्हणायचा.

आईलाही मी ते सांगितलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून आले की ती पाण्याचा तांब्या देता देता विचारायची, "इलो काय तेचो 'नाय हो'?"

उत्तरं यायची. भराभर यायची. बंगळुरूहून, केरळातून, त्या श्रीलंकेच्या बाईंकडून. सगळे सभ्यपणे सांगायचे की हा कोळी आहे, पाय मोजा. एका पोरट्याने तर मला नवशिक्यांसाठीचे नियम पाठवले. मी सगळ्यांचे आभार मानायचे आणि मनातून सगळ्यांचा संताप यायचा. तुम्हाला कोणी विचारलं? तुम्ही इतक्या घाईने दुरुस्त केलंत तर त्याला करायला काय उरणार? मग पुढच्या वर्षी दुसरा किडा, दुसरं चुकीचं नाव. असं दर वर्षी. प्लॉटवरचा टाकळा गेला, पत्रे लागले, नाल्याला काँक्रीटची भिंत आली. आंबा कापला. मुंगळे गेले, कोळीही गेला. चतुर मात्र येत राहिले, पत्र्यांच्या वर घिरट्या घालत.

यंदा गळाला लावायला काही सापडेना. एका रविवारी सकाळी नाल्याच्या भिंतीवर वाकून बघितलं तर खालच्या चिखलात उगवलेल्या गवतावर ती बसली होती. गटारावरच्या चतुराची मादी, पिवळट, मळकी. फोटो काढला. जरा हललाच, पण ओळखू येण्याइतका होता. साइटवर टाकला आणि समुद्र ओलांडणाऱ्याचं नाव लिहिलं. मला वाटलं, हे तासाभरात कुणीतरी दुरुस्त करणार.

कुणीच केलं नाही. या दिवसांत साइटवर चतुरांच्या फोटोंचा पूर असतो, जो तो घाईत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन म्हणून गेलं, बरोबर. मग आणखी एकजण, बरोबर, सुंदर फोटो. खाली हिरवी पट्टी आली. नाव पक्कं झालं.

मी वाट बघितली. बिलं बनवताना मोबाइल कीबोर्डजवळ ठेवला. बसमध्ये हातात धरला. वाटलं, आता तर त्याला येणं भागच आहे. ही काही मुंगळ्या-कोळ्याची पोरकट चूक नव्हती. हे दोन चतुर त्याने मला नाल्यावर उभं करून शेजारी शेजारी दाखवले होते. जगात आणखी कुणाला फरक दिसो न दिसो, त्याला दिसणार. आणि आता तर चूक पक्की होऊन बसली होती, हिरव्या पट्टीसकट. हे बघून तो गप्प बसला, असा विजू मला माहीत नाही. असा विजू नव्हताच.

काल रविवार. तिन्हीसांजेला आई देवाजवळ वात करत होती. दार सताड उघडं होतं, या वेळेला तर आमच्याकडे ते टेकवतही नाहीत. लक्ष्मी यायची वेळ, दार लावायचं नाही, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. मी उंबऱ्यालगत खुर्ची टाकून बसले होते. मोबाइलवर तो फोटो उघडा होता. बराच वेळ बघत राहिले. मग टाइप करायला लागले. *नाही हो. रंग बघू नका. मागचा पंख बुडाशी बघा, अरुंद आहे. हा लांब जाणारा नाही. इथलाच, नाल्यावरचा.* विजूचं बोलणं माझ्या बोटांतून उतरत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. पाठवून दिलं. माझंच नाव, माझाच फोटो, माझीच दुरुस्ती.

"कोणाक लिवतंस?" आईने विचारलं.

"कोणाक नाय. चुकीचा नाव होता, ता सुधारलंय."

ती वात तशीच हातात धरून जवळ आली, मोबाइल डोळ्यांशी नेऊन बघितला. "चतुर ना ह्यो?"

"होय. मी लिवललंय, लांब जाणारो म्हणान. तो न्हय. ह्यो हयलोच. खंय जाणा नाय."

"मगे विजून काय लिवल्यान नाय?"

"नाय."

"तेना बघल्यान तरी आसतला?"

"नाय गे आये."

ती परत देवाजवळ गेली, वात निरांजनात ठेवली, पेटवली, हात जोडले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "दार लाव गो. कडी घाल."

"आये, तिन्हीसांज आसा."

"म्हायत हा माका. लाव."

मी उठले. जाळी ओढली, दार लोटलं. कडी इतक्या वर्षांत गंजली होती, सरकेना. दार खांद्याने दाबून दोन्ही हातांनी जोर लावायला लागला.

"बोटां सांभाळ," आई म्हणाली.